थर्ड बेस आणि बाकीच्या जागा

माझे वडील रसायनीच्या एका कंपनीत दहा-अकरा वर्षं कामाला होते, आणि एवढ्या वर्षांत ते कुठल्याच खात्याचे झाले नाहीत. लागले ते हेल्पर म्हणून, ठेकेदारामार्फत. बॉयलरवरचा माणूस आला नाही की वडील बॉयलरवर. पॅकिंगला माणूस कमी पडला की पॅकिंगला. ड्रम उतरवायला, पाइपची गळती बघायला, साहेबांच्या केबिनचा पंखा दुरुस्त करायला. कॅन्टीनचा आचारी आजारी पडला तेव्हा आठवडाभर भातसुद्धा त्यांनीच रांधला. त्यांना सगळं येत होतं. कंपनीतली माणसं कधी घरावरून गेली की आईला हाक मारून सांगायची, "वहिनी, तुमचा मानूस नसला तर कंपनीत पान हलत नाय." आईला बरं वाटायचं. त्या दिवशी पाहुण्यांच्या चहात साखर जास्त पडायची.

मग एका वर्षी काही कामगारांना कायम करायचं ठरलं. पद्धत अशी होती की प्रत्येक खात्याच्या साहेबाने आपापली माणसं पुढे करायची. बॉयलरच्या साहेबाने बॉयलरची केली, पॅकिंगच्याने पॅकिंगची. वडील एकाकडे गेले तर तो म्हणाला, "तू आमचा नाहीस रे, तू तिकडचा." तिकडे गेले तर तिकडेही तेच ऐकलं. पुढे ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने त्याची माणसं आणली आणि वडील घरी आले. डबा, छत्री आणि पायातले कंपनीचे बूट एवढंच बरोबर होतं. बूट कुणी परत मागितले नाहीत. ते कुठल्या खात्याने दिले होते हे कुणालाच आठवत नव्हतं.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, लोधिवलीहून थोडं आत. भाताची दोन खाचरं होती, त्यातून खाण्यापुरते तांदूळ निघायचे. बाकी सगळं वडिलांच्या कमाईवर. कंपनी सुटल्यावर ते कर्जतकडच्या फार्महाऊसवर मिळेल ते काम करू लागले. हिरवळ कापायची, विहिरीची मोटर काढायची, लग्नाचा मांडव घालायचा, टेंपोवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचं. एक पावसाळा आमच्या घराची लाइट कापलेली होती आणि त्याच दिवसांत वडील एका बंगल्यात झुंबरं लावत होते. मी आठवीत गेले तेव्हा मावशीच्या मुलीचा जुना युनिफॉर्म घालून गेले. तिची शाळा वेगळी होती, त्यामुळे रंगही वेगळा होता. पहिले काही दिवस मला प्रार्थनेला शेवटच्या ओळीत उभं केलं, म्हणजे लांबून दिसू नये.

आईने या सगळ्यातून एकच गोष्ट घेतली आणि ती आम्हा भावंडांना सारखी सांगायची. "एक काय तं धरावं मानसानं. सगळं येनारा कुनाचाच नसतो."

मला ते पटलं होतं. अजूनही अर्धं पटतं.

आमच्याकडे भातकापणी झाली की मागच्या खाचरात चुलतभावांचं टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट सुरू व्हायचं. मुलगी मी एकटीच. मला बॅटिंग जवळजवळ नसायचीच, फिल्डिंग मात्र दोन्ही बाजूंची असायची. "ए फिल्डिंगवाली, बांधाच्या पलीकडं हो!" अशी हाक आली की पलीकडे, "म्होरं ये गं!" म्हटलं की पुढे. कीपर जेवायला गेला की मी कीपर. बॅट घरात एकच होती आणि तिचा एक कायदा होता: हातातून सुटली की दुसऱ्याची. पाणी प्यायला खाली ठेवली तरी गेली. त्यामुळे भाऊ पाणीसुद्धा बॅट काखेत मारून प्यायचे. वर्षातून दोन-चारदा माझ्या हाती ती यायची तेव्हा मी दोन्ही हातांनी घट्ट धरून पळायचे, आणि रेषेच्या आत बॅट टेकवली तरी सोडायचे नाही.

फेकायला मात्र मी खाचरात नाही, आवणीत शिकले. भाताची रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधतात आणि चिखलात वाकून लावणाऱ्या बायकांकडे त्या लांबून फेकतात. मूठ लावणारीच्या हाताशी पडायला पाहिजे. पुढे पडली तर तिचं लावलेलं मोडतं, पाठीत बसली तर तुमचं काही खरं नाही. "पाठीत नको घालू गं मेले, मी काय भिंत हाय?" हे माझ्या चुलतीचं वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की पुढे मैदानावर चेंडू फेकतानाही ते कानात यायचं. माझा नेम चांगला होता तो त्या भीतीने.

दहावीनंतर आमच्या घरातलं कुणी शिकलं नव्हतं. मी बारावी करून खोपोलीच्या कॉलेजात बी.ए.ला गेले. हे मी मुद्दाम सांगते. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे बी.ए. छापायला लावलं, तेव्हा सासरची माणसं हसली होती. हसू देत.

कॉलेजात खेळ शिकवणारे सर कर्जतच्या जुन्या घरातले. त्यांचे आजोबा शिक्षक, वडील शिक्षक, काका वकील. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलींना बोलावलं आणि बेसबॉलचा संघ करणार म्हणून सांगितलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. एकीने विचारलं, "सर, ते अमेरिकेत खेळतात ते?"

"हो. आणि आपल्याकडे फार कुणी खेळत नाही, म्हणूनच आपण खेळायचं," सर म्हणाले. "कबड्डीला तुम्ही कुठवर जाल? पुढे शंभर मुली उभ्या आहेत. इथे गर्दी नाही. मेहनत केलीत तर विद्यापीठाच्या संघापर्यंत जाता येईल. विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीला बी.पी.एड.ला प्रवेश मिळायला मदत होते. बी.पी.एड. केलं की शाळेत क्रीडाशिक्षक. आणि शाळेतली नोकरी म्हणजे कायम."

बाकीचं मला काही समजलं नव्हतं, पण शेवटचा शब्द समजला. विद्यापीठाचा संघ, मग बी.पी.एड., मग कायम नोकरी. ही साखळी मी त्या दिवशी डोक्यात घेतली आणि तीन वर्षं सोडली नाही.

आम्ही दहा-अकरा जणी होतो. खेळायला नऊ लागतात, म्हणजे फार काही जास्तीच्या नव्हत्या. एक शेलूहून यायची, तिची गाडी चुकली की ती नाही. एकीच्या घरी म्हशी होत्या. जी येणार नाही तिच्या जागी सर मला उभी करायचे. कधी सेकंड बेसला, कधी सेकंड-थर्डच्या मधल्या शॉर्टला, कधी मैदानाच्या टोकाला, कधी कॅचर म्हणून. कॅचर म्हणजे आपला कीपर, पण उकिडवा बसून आणि तोंडाला जाळी लावून. कॉलेजकडे कॅचरचा जाड मोजा एकच होता आणि त्याला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास होता.

पण मला आवडायची ती एक जागा, थर्ड बेस. तिथे चेंडू फटक्यासरशी अंगावर येतो आणि तो उचलून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, फर्स्ट बेसच्या मुलीच्या हातात, एका झोक्यात द्यावा लागतो. आवणीतली मूठच ती. मी ठरवून टाकलं की ही माझी जागा. मी थर्डची. कुणी विचारलं तर मी थर्डचीच असं सांगणार.

बॅटिंगमध्ये माझी एक खोड होती. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि फर्स्ट बेसकडे पळून त्या चौकोनी गादीवर पाय ठेवायचा. पायच लागतो, बॅट टेकवून चालत नाही. मी बॅट टाकतच नव्हते. फटका बसला की बॅट घेऊन पळायचे आणि गादीच्या अलीकडे वाकून, क्रिकेटसारखी बॅट आत सरकवायचे. मागून चेंडू आला की आउट. मुली पोट धरून हसायच्या. सर डोक्याला हात लावायचे. "अगं, ती बॅट काय आहेर आहे का? टाक ना!" शेवटी सरांनी फर्मान काढलं की माझा फटका बसला रे बसला की सगळ्या संघाने एकदम ओरडायचं, "टाक!" तेव्हा कुठे माझ्या हातून बॅट सुटायला लागली. तीन वर्षं मी त्या ओरड्यावर खेळले.

दुसऱ्या वर्षी एकदा सराव संपल्यावर सरांनी मला थांबवलं आणि फोनवर तीन तुकडे दाखवले. पहिल्यात एक जपानी खेळाडू जाळी लावून कॅचर बसलेला. दुसऱ्यात सेकंड बेसवर एक जण उडी मारून चेंडू अडवतो. तिसऱ्यात एक जण लांब कुंपणापाशी पळत जाऊन झेल घेतो.

"यातला चांगला कोण?" सर म्हणाले.

"मधला."

"तिन्ही एकच आहे."

मी परत बघितलं. खरंच एकच होता. कपाळ मोठं, चाल जराशी फेंगडी.

"मग हा कायम कुठे खेळतो?"

"कायम कुठेच नाही. जिथे गरज पडेल तिथे. चेंडू टाकणारा पिचर सोडून सगळ्या जागा खेळलाय. व्यावसायिक खेळाडू आहे, गंमत नाही. तू अशी हो. थर्डला तुझ्यापेक्षा चांगल्या मुली विद्यापीठात असतील. सगळीकडे उभी राहणारी नसेल."

"म्हणजे बदलीवाला."

"बदलीवाला म्हण हवं तर."

"त्याला कायम केला का पण?"

सर हसले. "तिथे सगळ्यांचाच करार असतो. वर्षाचा, दोन वर्षांचा."

"म्हणजे ठेक्यावरच."

"अगं, पण याचा दरवर्षी पुन्हा होतो!"

"माझ्या वडिलांचा पन व्हायचा सर. दहा-अकरा वर्षं झाला."

सरांना माझ्या घरचं माहीत नव्हतं. त्यांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "तू फार बोलतेस." ते खरं आहे.

मी त्या खेळाडूच्या मागे लागले ती सरांना खोटं पाडायला. चुलतभावाचा जुना फोन माझ्याकडे आला होता. जपानी ओळीच्या खाली मशीनने केलेलं इंग्रजी भाषांतर यायचं, तेही मला अर्धंच कळायचं, म्हणून हे सगळं थोडं इकडचं तिकडे असेल. त्याचं नावही मी इथे लिहीत नाही, या लेखात कुणाचंच नाव नाही.

तोही भातशेतीच्या गावातला. शाळेत कॅचर होता. शाळा संपल्यावर मोठ्या संघांनी त्याला घेतलं नाही. जपानात कंपन्यांचे संघ असतात, सकाळी कंपनीत काम आणि दुपारी सराव. हे वाचून मला रसायनी डोळ्यापुढे आली, फक्त तिथे कुणी दुपारी खेळायला सोडत नाही. काही वर्षं तसं खेळल्यावर एका व्यावसायिक संघाने त्याला निवडलं, तेही निवडीच्या अगदी शेवटी. घेतला कॅचर म्हणून. पण त्या संघाचा आधीचा कॅचर असा की तो कधी रजाच घ्यायचा नाही. हा दोन वर्षं दुय्यम संघात बसून राहिला. मग तिथला सेकंड बेसचा माणूस दुखावला आणि कुणी नाही म्हणून याला उभा केला. तो जमला. पुढे थर्डला जमला, फर्स्टला जमला, मैदानाच्या टोकाला जमला. मुख्य संघात आला तो असा, फटीतून.

फलंदाज म्हणून तो बेताचा होता. पण बेसबॉलमध्ये एक फटका असतो, चेंडू बॅटला नुसता टेकवून मरतुकडा खाली सोडायचा. त्यात मारणारा बहुतेक आउट होतो आणि आधीच बेसवर असलेला आपला माणूस एक बेस पुढे सरकतो. त्यात हा वाकबगार. स्वतः आउट होऊन तो टाळ्या घ्यायचा. मला हे बघून राग यायचा.

मग त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष असं आलं की सेकंड बेसचा मुख्य खेळाडू परदेशी गेला आणि ती जागा याला मिळाली. पूर्ण हंगाम. मी ते सगळे तुकडे शोधून बघितले. हा खुशीत होता, चालसुद्धा बदलली होती. त्याने एका मुलाखतीत सांगितलंय की त्या वर्षी त्याने कॅचरचा मोजा घरी कपाटात टाकला. त्याला वाटलं, आता मी सेकंडचा. मग एका सामन्यात संघाचे दोन्ही कॅचर एकामागून एक दुखावले. प्रशिक्षकाने याच्याकडे बघितलं. याने दुसऱ्याचा मोजा घातला. तो हाताला मोठा होत होता. दोन-तीन चेंडू हातातून निसटले आणि सामना गेला. दुसऱ्या वर्षी सेकंड बेसला नवा खेळाडू आला आणि हा परत बाकावर. पण त्या दिवसापासून त्याच्या बॅगेत चार मोजे असायचे. कॅचरचा, फर्स्ट बेसचा, आतल्या जागांचा लहान आणि लांबच्या जागांचा मोठा. आणि त्यानंतरही तो खूप वर्षं टिकला. त्याच्याबरोबर आलेले, एकाच जागेवरचे चांगले चांगले खेळाडू घरी गेले, हा होता.

हे मी सरांना सांगितलं नाही. मी सरांच्या बाजूचा पुरावा गोळा करत बसले होते, तो सरांना कशाला द्या.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या निवड चाचणीला मला बोलावलं. आदल्या संध्याकाळी मी ओटीवर फोन घेऊन बसले होते. वडील शेजारच्यांचा मिक्सर खोलून बसले होते.

"काय बघते गं बाय?"

"जपानचा खेळाडू हाय. बदलीवाला."

वडिलांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्या बाजूला सरकले. तो तुकडा त्याच्या उतारवयातला होता. सामना शेवटाकडे आलेला, माईकवर त्याचं नाव पुकारलं आणि हा बाकावरून उठून पळत मैदानात आला. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"काय केलं यानं?" वडिलांनी विचारलं.

"अजून काय नाय केलं. आत्ताच तर आला."

"मग टाळ्या कशापायी?"

"आला म्हनून."

"बदलीला आला म्हनून टाळ्या?" वडील जरा वेळ बघत राहिले. "परत लाव."

मी परत लावला. आतून आई म्हणाली, "हितं कुकर तिसऱ्यांदा वरडतोय, नि बापलेक जपानात गेलीत."

"तू पन ये," वडील म्हणाले.

"मला नको. तिला पन नको शिकवू. उद्या इचारलं तर एकच सांग गं, थर्डचं काय ते."

वडिलांनी मला विचारलं, "याला बसवून ठेवतात तेव्हा काय करतो?"

"चार मोजे असतात बॅगेत. ते पुसत बसतो."

"चार? सगळे संघाचे?"

"नाय, त्याचे. स्वतःचे."

"मंग बरं हाय," वडील म्हणाले. "माझ्याजवळ सोताचा पाना पन नव्हता. ज्या खात्यात जायचो त्या खात्याचा घ्यायचा, नि सांजंला परत करायचा." आणि त्यांनी मिक्सर परत पुढे ओढला. याउपर त्या विषयावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सर कर्जत स्टेशनला भेटले. त्यांच्या हातात कॉलेजचा तो वासाचा कॅचरचा मोजा होता. त्यांनी तो माझ्या बॅगेत कोंबला.

"सर, मी थर्डला उभी राहनार. हा कशाला?"

"असू दे. त्याचं काय ओझं होतंय?"

एरवी मी तो काढून त्यांच्या हातात दिला असता. त्या दिवशी दिला नाही. बॅगेची चेन लावली.

मुंबईला विद्यापीठाच्या मैदानावर पन्नासेक मुली होत्या. बहुतेकींच्या अंगावर चांगले पोशाख, पायात खिळ्यांचे बूट. सरांना आत येऊ दिलं नाही, ते जाळीच्या बाहेर थांबले. आधी बॅटिंग होती. निवड करणाऱ्या मॅडम खुर्ची टाकून बसल्या होत्या. अनोळखी मुलींचे दोन संघ पाडले आणि खेळायला लावलं.

माझा फटका चांगला बसला. चेंडू आतल्या मुलींच्या मधून गेला. आणि मी बॅट घेऊन पळाले.

नंतर मी पुष्कळदा विचार केला की तीन वर्षं घोटून घेतलेलं एकदम कसं गेलं. उत्तर सोपं आहे. तिथे "टाक!" म्हणून ओरडायला कुणी नव्हतं. फटक्यानंतर ओरडा यायचा आणि ओरड्यावर हात सुटायचा. ओरडा आला नाही, हात सुटला नाही. मी गादीच्या हातभर अलीकडे वाकले आणि बॅट आत सरकवली. चेंडू आला, समोरच्या मुलीने गादीवर पाय ठेवून तो घेतला. आउट. सगळं मैदान हसलं. "अरे, ही क्रिकेटवाली!" कुणीतरी म्हणालं. जाळीच्या बाहेर सर पाठ करून उभे होते.

मग जागांची चाचणी. मॅडम म्हणाल्या, "थर्ड बेसच्या पुढे या." आठ जणी पुढे गेलो. त्यातल्या दोघी राज्याकडून खेळलेल्या. त्यांचं बघितलं आणि मला समजलं. माझी फेक त्यांच्याइतकी होती, कदाचित जास्त, पण चेंडूकडे जाण्यात त्या माझ्या पुढे होत्या. मी थर्डची, हे खालापूर तालुक्यापुरतं खरं होतं.

माझी पाळी झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पण थर्डला मला दोघीच घ्यायच्या आहेत आणि त्या दिसतायत. दुसरं काय खेळतेस?"

'थर्डच' हा शब्द तोंडात तयार होता. तीन वर्षं तयार होता, त्याच्या मागे आई होती. मॅडमनी थोडा वेळ वाट बघितली आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

"मॅडम," मी म्हणाले, "सेकंड. शॉर्ट. फर्स्ट. लांबच्या तिन्ही जागा. कॅचर पन."

त्या मागे वळल्या. "सगळं येतं म्हणणाऱ्या दरवर्षी येतात गं. त्यांना एकही नीट येत नसतं."

"उभी करून बघा."

"कॅचरला एकच मुलगी आली आहे. बसतेस? मोजा आहे?"

"आहे," मी म्हणाले आणि बॅगेची चेन उघडली.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी सहा जागांवर उभी राहिले. कॅचर म्हणून एक चेंडू सुटला, बाकीचे थांबवले. एका मुलीने सेकंड बेस चोरायला, म्हणजे फटका बसायच्या आधीच तिथे पोचायला, धाव घेतली तेव्हा मी बसल्या जागेवरून उठून चेंडू फेकला, आणि तो सेकंडच्या मुलीच्या अगदी हाताशी, गुडघ्याइतका खाली गेला. मुठीसारखा. मॅडमनी शेजारी बसलेल्या निवडीच्या सरांना काहीतरी विचारलं, बहुधा मी कुठली म्हणून.

संध्याकाळी निवड वाचली. माझं नाव शेवटचं होतं, राखीव म्हणून.

सर जाळीच्या या बाजूला आले. पेढेबिढे काही नव्हते, वडापाव होता. तो माझ्या हातात देत म्हणाले, "बॅट सोडत नाहीस, थर्ड सोडत नाहीस. आज त्यातलं एक तरी सोडलंस."

"सोडलं नाय सर," मी म्हणाले. "थर्ड पन येतं मला."

"खा आता."

घरी आईला सांगितलं की निवड झाली. तिने पहिलं विचारलं, "थर्डला ना?" मी म्हटलं, "सगळीकडं." वडील बाहेर होते, ते आल्यावर तिनेच त्यांना सांगितलं, "तुमच्यावर गेली." ते कौतुक होतं की तक्रार हे मी विचारलं नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत आमचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. पहिल्या सामन्यात मी शेवटी शेवटी लेफ्टला, म्हणजे लांबच्या डाव्या जागेवर, उतरले. दुसऱ्या सामन्यात सेकंडची मुलगी पाय मुरगळून बाहेर गेली, तेव्हा तिथे खेळले आणि नंतर कॅचर बसले. मी उतरले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे वाजवणारंच कुणी नव्हतं, मैदानाच्या कडेला दोन गाई होत्या. पण सामन्याच्या पत्रकावर माझ्या नावापुढे तीन जागा लिहिलेल्या होत्या आणि बाकी कुणाच्याही नावापुढे एकापेक्षा जास्त नव्हती.

तो जपानी खेळाडू मी बी.पी.एड.ला असताना निवृत्त झाला. शेवटच्या सामन्यात त्याला कुठे खेळायचं ते विचारलं होतं म्हणे. त्याने कॅचर सांगितलं, ज्या जागेसाठी त्याला पहिल्यांदा घेतलं होतं ती. पहिला डाव तो कॅचर बसला आणि मग, रोजच्यासारखा, दुसऱ्या जागेवर पाठवला गेला. मी होस्टेलच्या जिन्यात बसून ते बघितलं. त्याला कधी मोठा पुरस्कार मिळाला नाही. पण एकाच संघाने त्याला शेवटपर्यंत ठेवला, दर करारात.

मी आता कर्जत तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली, मग कायम झाले. कायम झाल्याचं घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "कुठल्या खात्यात?"

"शिक्षन खात्यात, बाबा."

"खातं मिळालं म्हनायचं," ते म्हणाले.

शाळेत माझ्याकडे खेळ आहे. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की सहावीचं गणितही आहे, स्नेहसंमेलनाचा मांडव आहे, निवडणुकीचं काम आहे. मी सगळं करते. बेसबॉलचा मुलींचा संघही केला आहे. त्या बॅट टाकतात. कॅचरचा मोजा माझा स्वतःचा आहे.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. विद्यापीठाकडून खेळलेली गावातली पहिली. आणि घरात नोकरीत कायम झालेली पहिली.